उंच हँडल बसवायचंय? आधी टेप घेऊन गाडीवर बसा

तुमची उंची सहा फूट, गाडी ३५० सीसीची, रोज ठाणे ते फोर्ट. खांदे आणि पाठ भरून येते म्हणून उंच हँडल कुठलं घ्यावं आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर बसवून मिळेल का, असं विचारलंय. मिळेल. पण तिथे जायच्या आधी घरीच माप घ्या.

गाडी मेन स्टँडवर लावून नेहमीसारखं बसा. डोळे मिटा, खांदे सैल सोडा आणि हात आपसूक जिथे येतील तिथे हवेतच धरून ठेवा. घरातल्या कुणाला तरी तळव्यापासून ग्रिपपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. वर किती आणि मागे किती, दोन्ही वेगवेगळं. पुष्कळ जणांना हँडल वर नको असतं, मागे हवं असतं, हे तेव्हाच कळतं.

फरक २०-३० मिलिमीटरचा असेल तर नवं हँडल घेऊच नका, रायझर टाका, म्हणजे आहे त्याच हँडलखाली बसणारे उंची वाढवणारे ठोकळे. स्टिअरिंगचा दांडा मागे कललेला असतो, त्यामुळे रायझरने हँडल वर जातं तसं थोडं मागेही येतं. फार उंच हँडल मला मुंबईत पटत नाही. पाठ एकदम ताठ झाली की शरीराचा भार माकडहाडावर येतो आणि पेव्हर ब्लॉकचा प्रत्येक दणका थेट मणक्यात जातो. रुंदीही बघा. बस आणि रिक्षा यांच्या फटीतून आधी आरसे निघावे लागतात.

हँडल घेताना जाडी तपासा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना २२ मिलिमीटरचा पाइप असतो. २८.६ चं जाड हँडल गाडीच्या क्लँपमध्ये, म्हणजे हँडल पकडून ठेवणाऱ्या पकडीत, बसणार नाही, त्याला वेगळे क्लँप लागतात.

हँडल बदलणं सोपं, खरं काम वायरींचं. क्लच केबल, रेसची केबल, स्विचच्या वायरी आणि पुढच्या ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची नळी), सगळं नव्या उंचीला पुरलं पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, काहीही ताणलेलं दिसता कामा नये. मग गाडी न्यूट्रलला चालू ठेवून पुन्हा वळवा. रेस आपोआप वाढली तर केबल तोकडी पडतेय, तशी गाडी रस्त्यावर अजिबात काढू नका. होज बदलला तर ब्रेक ऑइल नवं भरून हवा पूर्ण काढून घ्या. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर हवा आत राहिलीय.

अजून एक गोष्ट तिथे उभं राहून बघा. स्विचच्या डब्यात आतून एक छोटी पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला भोक नसलं की काही मेकॅनिक पिनच घासून टाकतात. मग ऐन वळणावर रेसचा डबा हातात फिरू शकतो. योग्य जागी भोक पाडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या १८२ए (४) कलमात नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून कंपनीच्या ॲक्सेसरी यादीत तुमच्या मॉडेलचं उंच हँडल किंवा रायझर आहे का, ते आधी विचारा आणि बिल जपून ठेवा.

बसवल्यावर आठवडाभराने क्लँपचे बोल्ट पुन्हा तपासा. टॉर्क पान्यानेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा.