कोल्हा दिसला की आधी फॉक्स आठवा

जुनी ब्रिटिश व्यंगचित्रं बघायला लागलात, मस्तच! सुरुवातीला शंभर चित्रं डाउनलोड करत बसू नका, एकच घ्या आणि अर्धा तास बघा. जेम्स सेयर्सचं डिसेंबर १७८३ चं 'कार्लो खान' घ्या, ईस्ट इंडिया कंपनीवर सरकारी नियंत्रण आणू पाहणाऱ्या फॉक्सच्या विधेयकावरचं, म्हणजे आपल्याशीही संबंध आहेच. ब्रिटिश राजकारणी चार्ल्स फॉक्स पगडी घालून हत्तीवर बसलाय, पुढे त्याचा साथीदार खासदार एडमंड बर्क तुतारी फुंकतोय, आणि हत्तीचं तोंड नीट बघा, तो चक्क लॉर्ड नॉर्थ आहे, फॉक्सचा सरकारमधला भागीदार!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- बेडूक म्हणजे फ्रेंच असं धरून चालतात. या काळात तो बऱ्याचदा डच असतो.
- प्राण्यात खोल अर्थ शोधतात, पण कित्येकदा नुसता नावावरचा विनोद असतो, फॉक्स म्हणून कोल्हा, झालं. त्याच्यासोबत बिज्जू (बॅजर) दिसला तर तो बहुतेक नॉर्थच.
- खालची बारीक ओळ वाचतच नाहीत, अहो तिथेच तर तारीख आणि प्रकाशक असतो, तारीख कळली की निम्मं कोडं सुटतं.

एचिंग, अ‍ॅक्वाटिंट वगैरे छपाईची तंत्रं सध्या राहू द्या. ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर झूम करून बघा, फुकट आहे.