लाल दिवा लागतो, पण पोर्ट दिसत नाही

प्रश्न : मॅडम, नववीतल्या मुलासाठी तापकीर गल्लीतून ईएसपी३२चा (प्रोग्रॅम घालून चालवायच्या छोट्या चिपचा) बोर्ड आणला. लॅपटॉपला जोडला की त्यावरचा लाल दिवा लागतो, पण आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टची यादी रिकामीच राहते. दुकानदार म्हणतो, बोर्ड तपासून दिलाय. मुलगा रुसून बसलाय. बोर्ड खराब निघाला असं समजायचं का? — एक आई, पुणे

उत्तर : ताई, दुकानात भांडायला जाण्याआधी केबल बदलून बघा. लाल दिवा इतकंच सांगतो की बोर्डला वीज मिळतेय. या बोर्डांना लागणाऱ्या यूएसबी केबलमध्ये निदान चार तारा हव्यात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. ट्रिमर, टॉर्च, हेडफोन यांच्या खोक्यातून येणाऱ्या पुष्कळ केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून बघून कुणालाही फरक कळत नाही. म्हणून तीच केबल ज्याला बसते असा एखादा जुना फोन घ्या आणि लॅपटॉपला जोडा. फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर केबल कामाची. नुसतंच चार्जिंग सुरू झालं तर ती ट्रिमरच्या खोक्यात परत जाऊ दे. आयटीआयमध्ये शिकवत असताना चांगल्या केबलींना मी लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवायची आणि त्या कपाटात कुलपात असायच्या. मुलं हसायची, पण मागायला तिथेच यायची.

केबल बदलूनही पोर्ट आला नाही तर ड्रायव्हरकडे, म्हणजे लॅपटॉपला बोर्डची ओळख पटवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरकडे वळा. यूएसबीच्या तोंडाजवळ बोर्डवर एक छोटी चौकोनी चिप असते. लॅपटॉपची यूएसबी आणि ईएसपी३२ची सीरियल यांच्यामधली ती दुभाषी. मुलाला भिंग देऊन तिच्यावरचं नाव वाचायला सांगा. बहुतेक सीएच३४० नाहीतर सीपी२१०२ असेल. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि तो समोर ठेवून बोर्ड काढा, पुन्हा लावा. यादी जराही हलली नाही तर अजून केबलवर किंवा लॅपटॉपच्या त्या सॉकेटवर संशय धरा. पिवळं उद्गारचिन्ह आलं तर मात्र बरं झालं म्हणा, कारण तारा ठीक आहेत आणि फक्त ड्रायव्हर घालायचा राहिलाय. तो चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असं म्हणणाऱ्या प्रोग्रॅमना लॅपटॉपमध्ये शिरू देऊ नका.

पोर्ट दिसला की बोर्ड मॅनेजरमधून ईएसपी३२चं पॅकेज घालून बोर्डांच्या यादीत ‘ईएसपी३२ डेव्ह मॉड्यूल’ निवडायचं. प्रोग्रॅम चढवताना खाली ‘कनेक्टिंग’ असं येऊन पुढे टिंबंच टिंबं पडत राहतील. अशा वेळी बोर्डवरचं ‘बूट’ लिहिलेलं बटण दाबून धरायचं आणि लिखाणाचे टक्के दिसू लागले की सोडायचं. काही बोर्ड हे काम आपोआप करतात, काहींना बोट लागतं. त्यात दोष काही नाही.

आता दिवा लुकलुकवायचा पहिला प्रोग्रॅम. इथेही एक गंमत आहे. बऱ्याच ईएसपी३२ बोर्डांवर प्रोग्रॅमने पेटणारा दिवा २ नंबरच्या पिनवर असतो, पण काहींवर असा दिवाच नसतो. मग सगळं बरोबर असूनही काही पेटत नाही आणि पोरगं हिरमुसतं. म्हणून दिव्याआधी सीरियल मॉनिटरवर (बोर्डने पाठवलेला मजकूर लॅपटॉपवर दाखवणाऱ्या खिडकीत) स्वतःचं नाव दर सेकंदाला छापायला लावा. प्रोग्रॅममध्ये वेग १,१५,२०० ठेवलात तर मॉनिटरच्या खिडकीतही तोच निवडा. वेग जुळला नाही तर नावाऐवजी उलटेसुलटे चौकोन दिसतात. ते दिसले तरी माहिती येतेय हे नक्की.

दुकानात ३७ सेन्सरचा डबा दाखवतील, तो घेऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरी असे डबे बघते, त्यातले तीन-चार सेन्सर वापरलेले असतात, बाकीच्यांची पिशवीही फोडलेली नसते. एलईडी, २२० ओहमचे थोडे रेझिस्टर, एक पुशबटण, जंपर वायरी आणि ब्रेडबोर्ड (डाग न देता वायरी खुपसायची भोकांची पट्टी) एवढ्यावर पहिला महिना सहज निघतो. ब्रेडबोर्ड मात्र दोन घ्या. ईएसपी३२चा बोर्ड रुंद असतो, एकावर बसवला की एका बाजूला वायर खुपसायला भोकच उरत नाही. दोन ब्रेडबोर्ड शेजारी ठेवून बोर्ड मधोमध बसवला की दोन्ही बाजू मोकळ्या होतात. उरलेल्या पैशांत साधा मल्टिमीटर आणा आणि मुलाला त्याचा कंटिन्युटीचा, म्हणजे तार सलग आहे का हे सांगणारा, बीप वापरायला शिकवा. पुढच्या वेळी वायर तुटलीय की जोडणी चुकलीय हे तो स्वतः शोधेल.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. सी भाषा येत नाही, पायथन थोडं शिकलोय. आर्डुइनो उनो घ्यावा की रास्पबेरी पाय पिको? मुलगा म्हणतो, सगळे उनोपासूनच सुरू करतात. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, पायथन येत असेल तर पिको घ्या. उनो २०१० साली आला. अजूनही भक्कम बोर्ड आहे, पण त्याची मेमरी २ किलोबाइट, पिकोची २६४. त्यामुळे पिकोवर मायक्रोपायथन, म्हणजे अशा छोट्या बोर्डांसाठीचं पायथन, आरामात चालतं. थॉनी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ टाइप करून एंटर दाबलं की दिवा तिथल्या तिथे लागतो. मधे कंपाइल करत बसावं लागत नाही, आणि चुकलात तर कितव्या ओळीत चुकलात हे लगेच समोर येतं. तुमच्या मुलाचं ‘सगळे’ म्हणजे बहुधा त्याच्या कॉलेजातली बॅच.

घेताना नावापुढे ‘एच’ असलेला पिको मागा, त्याला पिना आधीच डाग देऊन बसवलेल्या असतात. साध्या पिकोला नुसती भोकं असतात आणि सोल्डरिंग गन घरात नसेल तर तो ड्रॉवरमध्ये पडून राहील. पिनांची नावं बोर्डच्या पोटावर छापलेली आहेत, ब्रेडबोर्डमध्ये बसवल्यावर ती दिसत नाहीत. नकाशा छापून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवा. पहिल्यांदा लॅपटॉपला जोडताना ‘बूटसेल’ बटण दाबून धरा. बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसेल, त्यात मायक्रोपायथनची फाइल टाकली की झालं. हे काम चिपमध्ये कायमचं कोरलेला प्रोग्रॅम करतो, म्हणून कसलाही प्रोग्रॅम टाकून बोर्ड कायमचा बंद पडेल ही भीती नको. भीती ५ व्होल्टची बाळगा. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. उनोसाठी बनलेला एखादा सेन्सर ५ व्होल्ट परत पाठवत असेल तर तो थेट जोडू नका.

वायफायवाला ‘डब्ल्यू’ घेतलात तर एक लक्षात असू द्या. साध्या पिकोवरचा दिवा २५ नंबरच्या पिनवर आहे, ‘डब्ल्यू’वर तो वायफायच्या चिपला जोडलेला आहे. जुन्या धड्यातला २५ तिथे चालत नाही, आकड्याच्या जागी अवतरणात मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘एलईडी’ असं नाव द्यावं लागतं.

प्रश्न : द्राक्षबागेतली पाच एचपीची थ्री फेज मोटर ईएसपी३२ आणि निळ्या रिलेने (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचने) चालू-बंद करायची आहे. जमिनीतला ओलावाही मोजायचाय. जोडणी सांगा. — एक शेतकरी, तासगाव

उत्तर : दादा, मोटरची जोडणी मी सांगणार नाही. त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलेलं असतं. तुमची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण आठ अँपिअर घेते आणि सुरू होताना पाच-सहा पट ओढते. रिलेचे संपर्क चिकटले तर ईएसपी३२ने ‘बंद’ म्हणूनही मोटर चालूच राहील. मोटर स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरनेच, म्हणजे त्यातल्या जड करंटच्या स्विचनेच, चालायला हवी. रिलेने फार तर त्या कॉन्टॅक्टरची कॉइल (त्याला ओढणारं तारेचं वेटोळं) हलवायची, तीही वायरमनच्या हातून, ओव्हरलोड (मोटरने जास्त करंट ओढला की ती बंद करणारं संरक्षण) तसाच ठेवून. आणि शेतीच्या कितीतरी स्टार्टरमध्ये कॉइलच ४१५ व्होल्टची असते, म्हणजे ती हलवायलाही हा रिले चालत नाही.

ओलाव्याचं मात्र आजच सुरू करा. दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर घेऊ नका, सतत वीज देत राहिलात तर त्या ओल्या मातीत गंजून जातात. कपॅसिटिव्ह म्हणून मिळतो तो घ्या आणि वरच्या सर्किटवर नेलपॉलिशचे दोन हात द्या. सिग्नलची तार ३२ ते ३९पैकी एका पिनला लावा. वायफाय चालू असताना इतर अॅनालॉग पिना नीट वाचत नाहीत. सेन्सर आधी हवेत धरून आकडा लिहून घ्या, मग त्यावरच्या रेघेपर्यंत पाण्याच्या ग्लासात बुडवून दुसरा आकडा घ्या. तुमच्या मातीचे आकडे या दोघांच्या मधे येतील. पाणी कधी सोडायचं तो आकडा मात्र बाग बघून तुम्हालाच ठरवावा लागेल, तो मला इथे बसून सांगता यायचा नाही.

स्टार्टरच्या झाकणाच्या आत चिकटवलेली आकृती असते. मेन बंद करून तिचा आणि कॉइलवर छापलेल्या व्होल्टेजचा फोटो पाठवा.