तुम्ही स्वतः मैदानात हजर राहून पाहिलेला सर्वात धक्कादायक निकाल कोणता?

१ सप्टेंबर २००७. ॲन आर्बर, मिशिगन. अमेरिकन कॉलेज फुटबॉल. ॲपलॅचन स्टेट ३४, मिशिगन ३२.

मी मिशिगनच्या बाजूला होतो. म्हणजे सामना संपला तेव्हा होतो. सुरू झाला तेव्हा नव्हतो. त्या साडेतीन तासांत नेमकं काय झालं, ते सांगतो.

मी कोल्हापूरचा. त्यामुळे फुटबॉल मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला वाटायचं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचे सामने बघत मोठा झालोय. पेठेपेठेतली खुन्नस काय असते ते ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये एमएससाठी मिशिगन विद्यापीठात दाखल झालो आणि घरातल्या सीनियरनं विचारलं, "फुटबॉलचं तिकीट आहे एक, येतोस?" मी म्हणालो, नेकी और पूछ पूछ. इथला फुटबॉल हातानं खेळतात हे माहीत होतं, पण एवढा हातानं खेळतात हे माहीत नव्हतं.

स्टेडियमला ते लोक 'बिग हाऊस' म्हणतात. रस्त्यावरून बघितलं तर त्यात बिग असं काही दिसत नाही. दरवाज्यातून आत गेलो आणि पायाखाली एकदम खड्डाच. मैदान जमिनीत खोदून खाली नेलंय, आपण वरच्या काठावर. मला पहिल्यांदा आठवलं ते आमचं खासबाग, कोल्हापूरचं कुस्तीचं मैदान. तेच खोलगट रूप, चहूबाजूंनी उतरत जाणारी माणसं आणि मधोमध लढायची जागा. फरक एवढाच की इथे त्या दिवशी १,०९,२१८ माणसं होती. विद्यार्थ्यांच्या भागात कुणी खाली बसत नाही, बाकावर उभं राहून सामना बघायचा असतो. बँडचा म्होरक्या पाठीमागे इतका वाकला की त्याचं डोकं जमिनीला टेकलं, आणि लाखभर लोक असे ओरडले की जणू तिथेच पहिला गुण मिळाला.

सीनियरनं कानात परिस्थिती सांगितली. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वात जास्त सामने जिंकलेला संघ. समोरचे कोण? नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात बून नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या कॉलेजची पोरं. ती खालच्या गटात खेळतात. वरच्या गटातल्या कॉलेजला ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येते, खालच्या गटाला ६३. आणि मिशिगननं त्यांना या सामन्यासाठी ४ लाख डॉलर दिलेत.

"कशाचे?"

"यायचे. मार खायचे. घरच्या मैदानावर सीझनची सुरुवात सोपी व्हावी म्हणून मोठी कॉलेजं असं करतात. छोट्यांचा वर्षाचा खर्च निघतो."

हे ऐकलं आणि माझं मन तिथेच फिरलं. आमच्या आबांनी आयुष्यभर कुस्त्या बघितल्या, आणि त्यांना सर्वात जास्त राग नुरा कुस्तीचा. आता ही नुरा नव्हती, हरायचं ठरलेलं नव्हतं. पण हरण्याचे पैसे आगाऊ दिल्यासारखंच की हे! मी मनात ठरवलं, आपण डोंगरातल्या पोरांच्या बाजूचे.

(नावाबद्दल जाता जाता. मिशिगनमध्ये सगळे 'ॲपलेशियन' म्हणत होते. बूनची माणसं 'ॲपलॅचन' म्हणतात आणि दुसरा उच्चार ऐकला की चिडतात. त्या दिवसानंतर मी त्यांचाच उच्चार वापरतो. तेवढं त्यांनी कमावलंय.)

सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली, मिशिगननं पहिला टचडाऊन केला, म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांच्या टोकाच्या शेवटच्या पट्ट्यात शिरले. मग ॲपलॅचनच्या डेक्स्टर जॅक्सननं एक छोटा पास घेतला आणि ६८ यार्ड सुसाट धावत थेट शेवटच्या पट्ट्यात. माझ्या आजूबाजूला लोक हसले. असा एखादा तुक्का लागतो, अशा अर्थानं हसले. दुसऱ्या क्वार्टरमध्ये हसू बंद झालं.

त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास टाकणारा, अर्मांटी एडवर्ड्स. दुसऱ्या वर्षाचा पोरगा, वजन पंच्याऐंशी किलोच्या आसपास. समोरचे बचाववाले एकेक सव्वाशे-दीडशे किलोचे. आणि तो त्यांच्या हाताला लागतच नव्हता. हे मला समजलं, कारण हे कुस्तीतलंच आहे. वजनदार मल्लाशी अंगाला अंग भिडवायचं नसतं, त्याला फिरवायचं असतं. ॲपलॅचनवाले आपली माणसं मैदानभर पसरून उभी करायचे. मग मिशिगनलाही पांगावं लागायचं. मध्ये मोकळ्या जागा पडायच्या, आणि मोकळ्या जागेत वजन कामाला येत नाही, पाय येतात. या पद्धतीला स्प्रेड म्हणतात. २१ गुण सलग. एडवर्ड्स स्वतः सहा यार्ड पळून आत शिरला तेव्हा स्कोअर झाला २८-१४, आणि मी टाळी वाजवली.

एकच टाळी. पण त्या शांततेत ती ऐकू गेली. पुढच्या बाकावरच्या पिवळ्या शर्टवाल्या पोरानं मागे वळून बघितलं. रागानं नाही. मी त्याच्या घरी जेवायला बसून ताटाला पाय लावल्यासारखं बघितलं. शाहू स्टेडियमवर चुकीच्या बाजूला बसून असली टाळी वाजवली असती तर पुढचं काय झालं असतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. इथे तो फक्त वळला आणि परत पुढे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मध्यंतराला २८-१७. दुसऱ्या सत्रात मिशिगन हळूहळू वर सरकायला लागली आणि इथे माझी गडबड झाली. माइक हार्ट नावाचा त्यांचा धावपटू, उंचीनं बुटका. मधला बराच काळ मांडीच्या दुखापतीनं बाहेर बसला होता. तो परत आला. चार-चार माणसं अंगावर घेऊन सुद्धा पाय थांबत नव्हते त्याचे. त्याला बघता बघता मी किल्ल्या खुळखुळवायला लागलो. महत्त्वाच्या डावाला तिथे सगळं स्टेडियम खिशातल्या किल्ल्या काढून हलवतं. माझ्याकडे घराची एकच किल्ली होती, तीही कीचेनशिवाय, तिचा काय आवाज येणार. तरी हलवत होतो.

साडेचार मिनिटं उरली असताना मिशिगननं त्यांचा पास मध्येच हिसकावला आणि लगेच हार्ट ५४ यार्ड पळाला. ३२-३१. सहा-सात अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या, त्यात तो पिवळ्या शर्टवालाही होता. त्या क्षणी मी पार्टी बदलली. कबूल करतो.

आता एक हिशोबाची गोष्ट, जी मिशिगनचे लोक आजही उगाळत बसतात. टचडाऊननंतर साधी किक मारली तर एक गुण, किंवा धोका पत्करून पुन्हा आत शिरायचा प्रयत्न केला तर दोन. मिशिगननं शेवटच्या दोन्ही टचडाऊननंतर दोनासाठी प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा शून्य मिळालं. दोन्ही वेळा मुकाट्यानं किक मारली असती तर ३२ चे ३४ झाले असते. शेवटचा स्कोअर परत वर जाऊन बघा. अर्थात ३१-२६ ला मागे असताना दोनाचा विचार चुकीचा नव्हता, नंतरचं शहाणपण सगळ्यांनाच येतं. पण हा आकडा डोक्यातून जात नाही.

पुढचं भराभर झालं. दीड मिनिट उरलं असताना मिशिगनची फील्ड गोलची किक (दोन खांबांमधून बॉल मारायचा, तीन गुण) ॲपलॅचननं अडवली. घड्याळ थांबवायला हातात टाइमआउट एकही नाही, तरी ती पोरं सगळं मैदान ओलांडून आली, आणि २६ सेकंद राहिले असताना जूलियन राउशनं २४ यार्डांवरून किक मारली. ३४-३२. तरी संपलं नव्हतं. मिशिगनच्या चॅड हेनीनं ४६ यार्डांचा उंच पास टाकला आणि मॅनिंगहॅमनं तो झेलला. सहा सेकंद. ३७ यार्डांवरून किक. ही गेली की मिशिगन जिंकली. पिवळ्या शर्टवाल्यानं माझा दंड धरला होता, अजून बोटं आठवतात.

कोरी लिंच नावाचा त्यांचा खेळाडू बाजूनं आला आणि किक त्याच्या अंगावर आदळली. बॉल उचलून तो पळत सुटला. कशाला पळत होता कोण जाणे, जिंकले होतेच. मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे तो पळत राहिला आणि घड्याळ संपलं.

लाखाची शांतता काय असते ते मला सांगता येत नाही. एवढंच सांगतो की खाली मैदानात पांढऱ्या जर्सीतली पोरं ओरडत होती आणि ते ओरडणं माझ्यापर्यंत स्पष्ट येत होतं, शब्दासकट. कोपऱ्यात त्यांचे काळ्या-पिवळ्या कपड्यांतले मूठभर लोक नाचत होते. बाहेर पडताना पाहिलं, मिशिगनची टोपी घातलेले एक आजोबा दारापाशी उभे राहून त्यांच्यातल्या प्रत्येकाशी हात मिळवत होते. डोळे लाल.

जगाला हे दिसलं की नाही, हीही गंमत आहे. 'बिग टेन नेटवर्क' हे चॅनेल त्याच आठवड्यात सुरू झालं होतं आणि सामना फक्त त्याच्यावर. बऱ्याच घरांत ते दिसतच नव्हतं. पुढच्या क्रमवारीत मिशिगन पाचव्यावरून थेट पंचविसाच्या बाहेर. ही क्रमवारी काढणाऱ्या एपी वृत्तसंस्थेनं तर आपला नियमच बदलला, खालच्या गटातल्या संघांनाही मतं द्यायला परवानगी दिली. पुढच्या शनिवारी ओरेगननं मिशिगनला तिच्या घरच्याच मैदानावर ३९-७ धुतलं, तेही मी पाहिलं. सीझनच्या शेवटी कोच लॉइड कार निवृत्त झाले. नवीन कोच आले रिच रॉड्रिगेझ. हे तेच, ज्यांच्याकडे वेस्ट व्हर्जिनियाला जाऊन ॲपलॅचनचे कोच स्प्रेड शिकून आले होते! ज्या डावानं चितपट झालो त्या डावाचा वस्तादच आणला म्हणा ना. २००८ ला मिशिगन ३ जिंकली, ९ हरली. वस्ताद आणला तरी अंगात डाव मुरायला वेळ लागतो.

ॲपलॅचन आधीची दोन वर्षं आपल्या गटाची विजेती होती, त्या वर्षी तिसऱ्यांदा झाली. म्हणजे 'दुबळे' हा शब्दच मुळात चुकीचा. ते आपल्या वजनगटातले अजिंक्य मल्ल होते, आम्ही त्यांचा गट बघितला आणि त्यांना बघितलंच नाही.

दोन आठवड्यांनी गणपती बसले. डेट्रॉइटच्या बाजूला एका काकांच्या घरी आरतीला गेलो. तीस वर्षं मिशिगनमध्ये काढलेले काका मोदक वाढता वाढता मला विचारतात, "तू होतास म्हणे तिथे?" मी हो म्हणालो. त्यांच्या ऑफिसात एक ओहायो स्टेटचा, म्हणजे मिशिगनच्या कट्टर वैऱ्यांचा, माणूस होता. तो सोमवारी ॲपलॅचनचा शर्ट घालून आला होता, कुठून पैदा केला देव जाणे. काकांनी ते सांगितलं, मग ती अडवलेली किक सांगितली, मग परत शर्टाचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "अहो, बाप्पासमोर तरी नको." तेवढ्यापुरते थांबले. २०१४ ला ॲपलॅचन परत ॲन आर्बरला आली तेव्हा मिशिगननं ५२-१४ हरवलं. काकांना फोन केला तर म्हणाले, "ठीकाय." बस, एवढंच.

आबांना मी त्याच शनिवारी रात्री फोन केला होता, म्हणजे कोल्हापुरात रविवारची सकाळ. कॉलिंग कार्डाची मिनिटं मोजत सगळं सांगितलं. ४ लाखांचं सांगितलं, वजनांचं सांगितलं. आबा ऐकत होते.

"मग त्या पोरांना फेटे बांधले का न्हाई गावात?"

मी म्हणालो, आबा, फेट्याचं माहीत नाही, पण त्यांच्या कॉलेजातल्या पोरांनी आपल्याच मैदानावरचा गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेऊन गावातून मिरवला आणि कुलगुरूंच्या अंगणात नेऊन टाकला.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आबा कुणाला तरी आत हाक मारून सांगताना ऐकू आले, "अगं, अमेरिकेत बी आपलीच माणसं हायत."