अनोळखी माणसाला प्रत्यक्ष भेटूनही आपला अंदाज का चुकतो?

समोरासमोर बसले की माणूस कळतो, हा समज फारसा टिकत नाही. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन सप्टेंबर १९३८ मध्ये हिटलरला तीन वेळा भेटले आणि पहिल्याच भेटीनंतर, चेहऱ्यावर कठोरपणा दिसला तरी हा दिलेला शब्द पाळणारा माणूस वाटतो, असे त्यांनी बहिणीला पत्रातून कळवले. पण हिटलरने शब्द मोडला आणि मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमध्ये शिरले. हिटलरला कधीही न भेटलेल्या चर्चिल यांनी केवळ त्याच्या कृतींवरून बांधलेला, हा माणूस धोकादायक आहे हा अंदाज खरा ठरला (त्यांचे सगळेच अंदाज असे अचूक नव्हते, हा भाग वेगळा).

बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्केच यशस्वी ठरतात, म्हणजे नाणेफेकीहून किंचितच बरे, असे दिसले. नजर चुकवणे ही खोटेपणाची खूण मानली जाते. परंतु आपल्याकडे अनेक घरांत वडीलधाऱ्यांशी बोलताना नजर खाली ठेवणे हाच आदर समजला जातो, आणि तशा घरातला उमेदवार मुलाखतीला बसला की त्याच सवयीमुळे तो आत्मविश्वास नसलेला किंवा काहीतरी लपवणारा ठरू शकतो. शिवाय दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती सोडून आपण थेट त्याच्या स्वभावाला दोष देतो. म्हणून मुलाखत घेणाऱ्याने हावभावांपेक्षा पूर्वीच्या कामाची माहिती आणि प्रत्यक्ष करून दाखवलेले काम यांवर अधिक विसंबावे, असे माझे मत आहे.