साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, गरम प्यावी की थंड?
बाटलीवर काय लिहिलंय त्यावर ठरतं. ‘दाईगिंजो’ असेल तर थंडच, साधारण १० अंशांवर. तिच्यासाठी तांदळाचा दाणा घासून निम्मा किंवा त्याहूनही कमी ठेवतात. बाहेरचा स्निग्धांश आणि प्रथिनं गेली, की थंडीत संथपणे आंबवताना खरबूज, सफरचंदासारखा वास येतो. गरम केलीत तर तोच उडून जातो, आणि मला खरंच वाईट वाटतं.

‘किमोतो’ किंवा ‘यामाहाई’, म्हणजे जुन्या पद्धतीनं आंबवलेली साके, मात्र ४०-४५ अंशांपर्यंत कोमट करून बघाच. तिचा ताकासारखा आंबटपणा मऊ होतो, भाताची गोडी पुढे येते. तोक्कुरीत, म्हणजे छोट्या सुरईत ओतून ती गरम पाण्यात ठेवायची. थेट गॅसवर नको. घोट छोटे घ्या, अल्कोहोल १५-१६ टक्के असतं. सोबत मीठ लावून भाजलेला बांगडा असला तर मला दुसरं काही नको.