अभ्यासिकेतले तास आणि आपली किंमत
सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी नव्याने आलेल्या तुम्हाला लवकरच जाणवेल की, अभ्यासिकेत कोण किती तास बसतो, कोण मेसचा एकच डबा दोन्ही वेळा पुरवतो आणि कोण दिवाळीलाही गावी गेला नाही, यावरून इथे माणसाची पत ठरते. अॅरनसन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांच्या १९५९ सालच्या प्रयोगात, एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी ज्या विद्यार्थिनींना अधिक लाजिरवाणी चाचणी द्यावी लागली, त्यांनाच तिथली कंटाळवाणी चर्चा अधिक रंजक वाटली. सोसलेले वाया गेले, हे मान्य करणे मनाला जड जाते; म्हणून जितके सोसले, तितके ते मोलाचे वाटू लागते. अभ्यासिकेतल्या तासांचेही तसेच होते. (घरच्यांचे ‘पोरगं किती कष्ट करतंय’ हे कौतुकही त्यात भर घालते.) तेव्हा वहीत तासांऐवजी चुकलेले प्रश्न नोंदवा, आजारी पडल्यास सरळ घरी जा आणि परीक्षा देणे कोणत्या वर्षी थांबवायचे ते आत्ताच, डोके शांत असताना, ठरवून घरी सांगून ठेवा.