तोंडी सांगून आलीस ना? मग सांगितलंच नाहीस

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय, चांगलं चार पानी. ती लिहिते, "मुलगा १५ वर्षांचा, दहावीत. लॉकर रूममध्ये दोन-तीन मुलं त्याला गे गे म्हणून छळतात, बॅग फेकतात. आता पीईच्या, म्हणजे खेळाच्या तासाच्या, दिवशी पोट दुखतं म्हणून घरीच बसतो. आम्ही दोघं व्हाइस प्रिन्सिपलना भेटून आलो, फार चांगले बोलले, बघतो म्हणाले. त्याला दोन महिने झाले. तो खरंच तसा आहे का माहीत नाही, विचारायची भीती वाटते."

अगं, (मी वयाने मोठी आहे म्हणून अगं म्हणते) वाचून पोटात तुटलं. पण मला आधी एक सांग, भेटून आल्यावर ईमेल केलास का? नसणारच. चार पानांत ईमेल हा शब्द कुठे नाही.

आपण लोक कसे आहोत बघ. एच-वन व्हिसाच्या पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक अप्रूव्हल नोटीस फाइलमध्ये, जुने पासपोर्ट रबरबँड लावून ठेवलेले, २० वर्षांपूर्वीच्या पे-स्लिपासुद्धा, न जाणो कधी लागल्या तर. आणि पोराला कोणी लॉकरवर ढकललं त्याचा एक कागद नाही, का तर सर चांगले आहेत, त्यांना वाईट वाटेल.

मी पण हेच केलंय म्हणून बोलते. माझ्या मुलीने आठवीत केस एकदम बारीक कापले होते, त्यावरून तिला काय काय नावं ठेवायचे. मी काउन्सेलरला तीनदा भेटले, बाईंनी तीनही वेळा हात हातात घेतला. चौथ्यांदा गेले तर त्या बाई नोकरी सोडून गेलेल्या, नवीन बाईंनी फाइल उघडली, त्यात माझ्या मुलीबद्दल एक ओळ नाही. नवरा म्हणाला, तू तीनदा गप्पा मारून आलीस. इतका राग आला त्याचा, पण बरोबर होतं.

तुमच्याकडे तर २०११ पासून अँटी-बुलिंग बिल ऑफ राइट्स कायदा लागू आहे. प्रत्येक पब्लिक शाळेत एक अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट असतो, तक्रार आली की शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू करायची, आणि लेखी रिपोर्टपासून शाळेच्या १० दिवसांत संपवायची. आता तोंडी सांगितलं तरी शाळेने ते लिहून घ्यायला हवं हे खरं, पण त्या 'हवं'वर तू दोन महिने बसलीयस. विस्कॉन्सिनमध्ये जेमी नबोझ्नी म्हणून मुलगा होता, गे म्हणून शाळेत त्याला छळायचे, तो आणि त्याचे आईवडील शाळेत वर्षानुवर्षं जाऊन सांगत राहिले, कोणी काही केलं नाही. शेवटी १९९६ साली फेडरल कोर्टात शाळेच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरलं आणि तडजोड नऊ लाख डॉलर्सच्या वर गेली. मी तुला कोर्टात जा म्हणत नाहीये. फक्त उद्या 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं कोणाला म्हणता येऊ नये.

आणि तुझी ती भीती. मुलगा खरंच तसा असो किंवा त्रास देणाऱ्याला नुसतं तसं वाटलेलं असो, कायद्यात दोन्ही धरलंय. म्हणजे मुलगा गे आहे की नाही हे ईमेलमध्ये लिहायचंच नाही. ते सांगायचं तर तो सांगेल, त्याला वाटेल तेव्हा. तू तारीख लिही, जागा लिही, कोण उभं होतं ते लिही, आणि त्या मुलांचे शब्द जसेच्या तसे, घाणेरडे असले तरी. 'वाईट बोलतात' असं सोवळं लिहू नकोस. मग काय हवं ते माग: त्या वेळी लॉकर रूममध्ये मोठं माणूस कोण असणार, आणि शाळेत हा मुलगा कधीही कोणाकडे जाऊ शकतो त्याचं नाव. कोणाला हलवायचंच असेल तर त्रास देणाऱ्यांना हलवा म्हण, आपल्याच पोराला कोपऱ्यात का पाठवायचं? पाठवायच्या आधी त्याला वाचायला दे. त्याला न विचारता पाठवलंस तर तुझ्यावरचाही भरवसा जाईल.

तुझे बाकीचे प्रश्न पटकन. नवरा म्हणतो जीएसए क्लबला (शाळेतला गे मुलांचा आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींचा क्लब) पाठवायचं नाही, तिथे जाऊन तसा होईल. काही होत नाही, जाऊ दे, निदान दुपारी एकटा बसणार नाही. "हे सगळं अमेरिकेत आलो म्हणून झालं का?" नाही गं बाई. सासूबाईंना काय सांगायचं? सध्या काहीच नाही. मंडळातले लोक काय म्हणतील, हा प्रश्न मी वाचलाच नाही.

घरी विचारू का म्हणतेस. खोदून विचारू नकोस. माझ्या भाच्याने २६व्या वर्षी सांगितलं, आणि म्हणाला, मावशी, तू एकदा टीव्हीवर दोन पुरुषांचं लग्न बघून 'छान दिसतायत' म्हणाली होतीस, ते मी आठवीपासून लक्षात ठेवलं होतं. मला तर आठवतही नाही.

आणि जगावंसं वाटत नाही असं त्याच्या तोंडून कधी आलं, तर तिथे ईमेल नाही, त्याच क्षणी ९८८ला, म्हणजे आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनला, फोन.

ईमेल आज रात्रीच लिही. विषयात एचआयबी (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग) ही अक्षरं हवीत, सीसीमध्ये नवरा. उत्तर येईल, 'फोनवर बोलू या'. बोल की, आणि फोन ठेवल्यावर काय बोलणं झालं ते त्यांना परत ईमेल कर.